रक्तातील चरबी आणि आपले ताट



गटात फिरताना हल्ली उसाच्या नोंदीबरोबर रक्ततपासणीचे कागदही आमच्यापुढे येतात. त्यात ट्रायग्लिसराइड व कोलेस्टेरॉल या दोन वेगळ्या नोंदी असतात. त्यांचे पथ्यही थोडे वेगळे आहे.

उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड १५० च्या आत असावे. जादा साखरेची यकृतात चरबी बनते व ती रक्तात उतरते. साखर कारखान्याच्या अंकात हे कसे लिहावे, असे वाटले खरे. पण सभासदाची प्रकृती आधी. "मग गूळ खातो" म्हणाल, तर तोही त्याच उसाचा! मोठ्या माणसाने साखर-गूळ मिळून दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ ग्रॅमवर राहावे. दोन-दोन चमचे साखरेचे सहा कप चहा झाले, की सुमारे ५० ग्रॅम तिथेच संपतात. दारूनेही हा आकडा चढतो.

कोलेस्टेरॉल वाढते ते मुख्यतः वनस्पती तूप, लोणी, साय व चरबीच्या मटणाने. त्यावर मटकी, हरभरा, घेवडा, भाजीपाला जेवणात वाढवावा. यातील काही चोथा आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो. मग नवे पित्त करायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. सोबत ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी आहेच. शेंगतेलात कोलेस्टेरॉल नसते, तरी तेही मोजूनच घ्यावे.

माती तपासल्याशिवाय खताचा डोस ठरवू नये, हे आम्ही नेहमी सांगतो. तसेच रक्ताचेही. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

— ऊस विकास अधिकारी