माइनक्राफ्टमध्ये पुरुमेंत का नाही? आमच्या चार सूचना



मासेमारी बंदीचे 61 दिवस, म्हणजे 1 जून ते 31 जुलै, होड्या वर ओढलेल्या असतात आणि घराघरांत मुलांच्या हातात मोबाईल असतो. बहुतेकांच्या मोबाईलवर माइनक्राफ्ट. लाकूड तोडायचं, दगड फोडायचे, रात्र व्हायच्या आत घर बांधायचं, पोटाला काहीतरी मिळवायचं आणि जगायचं. या गेममध्ये मासेमारीही आहे. म्हणून यंदा सोसायटीत मुलांना आणि जाणत्या रापणकारांना एकत्र बसवलं आणि विचारलं, या गेममध्ये नवीन काय यायला हवं?

आधी गेममधली मासेमारी कशी चालते ते सांगतो, कारण आपल्यातल्या पुष्कळ जणांनी ती बघितलेली नाही. तीन काठ्या आणि दोन दोऱ्या जोडल्या की गरी तयार. पाच फळ्यांची होडी. गरी टाकली की साधारण 5 ते 30 सेकंदांत काहीतरी लागतं. पाऊस असेल तर लवकर लागतं. पाणी समुद्राचं असो की घरामागे खणलेल्या डबक्याचं, मासळी येतच राहते. मिळालेला मासा पेटीत ठेवला तर वर्षभराने काढा, तसाच ताजा.

इथेच आमच्या जाणत्यांनी कपाळाला हात लावला. न संपणारी आणि न कुजणारी मासळी! मुलं रोज हेच बघत मोठी होणार असतील तर उद्या दर्याकडे ती कुठल्या नजरेने बघतील? आमच्या सूचनांचं मूळ या प्रश्नात आहे.

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कंपनीला आपण काय सांगणार? पण खेळणाऱ्यांचं ऐकलं गेल्याचं उदाहरण आहे. 2017 साली गेममध्ये पोपट आणले, तेव्हा चाचणीच्या आवृत्तीत ते कुकी खाऊन माणसाळायचे. खऱ्या पोपटाला चॉकलेट विषारी असतं, हे लोकांनी लक्षात आणून दिलं. कंपनीने बदल केला. आता पोपट बियांनी माणसाळतो आणि कुकी दिली तर मरतो. कासवाचं तर आधीपासून बरोबर आहे. गेममधली कासवीण जिथे जन्मली त्याच किनाऱ्यावर अंडी घालायला परत येते. मोरजी, आगोंद, गालजीबागच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

आता आमच्या सूचना.

1. मासळी कमी व्हावी आणि सांभाळली तर परत यावी. एकाच जागी सारखी गरी टाकली तर तिथली मासळी घटली पाहिजे. विणीच्या दिवसांत मासेमारी थांबवली तर पुढच्या हंगामात जास्त मिळावी. बंदी का असते हे मुलांना भाषणाने पटत नाही, पण गेममध्ये दोन हंगाम उपाशी काढले की आपोआप पटेल.

2. भरती-ओहोटी. गेममध्ये चंद्र आहे, त्याच्या आठ कलाही आहेत. पण पाणी हलत नाही! अमावास्या-पौर्णिमेला उधाण यावं. ओहोटीला खडपं उघडी पडावीत, तिथे कालवं, शिनाणे मिळावेत. किनाऱ्याला अगदी लागून घर बांधलं तर उधाणात पाणी घरात शिरावं. मग मुलं बांध घालतील, आपल्या खाजनासारखी मानस बसवतील. ओहोटीला उघडणारी आणि भरतीला पाण्याच्याच जोराने बंद होणारी मानशीची दारं आपल्या पूर्वजांनी लाकडाची केली. ती गेममध्ये उभारण्यासारखं दुसरं चांगलं बांधकाम आम्हाला तरी सुचत नाही.

3. रापण. गेममध्ये मासे धरायचं जाळंच नाही. एकट्याला ओढता येणार नाही असं मोठं जाळं द्या. एकाने होडीतून ते पाण्यात सोडत अर्धगोल मारायचा, बाकीच्यांनी किनाऱ्यावरून दोन्ही टोकं ओढायची आणि शेवटी वाटे करायचे. हा गेम मित्रांबरोबर खेळता येतो, तेव्हा हे जमण्यासारखं आहे.

4. पुरुमेंत. ही सूचना आमच्या बायकांची, आणि सगळ्यांत जास्त दाद हिलाच मिळाली. ताजा मासा दोन दिवसांत खराब व्हावा. समुद्राचं पाणी आडवून मिठागर करता यावं. बांगडे खारवता यावेत, सुंगटं वाळवता यावीत. मग मोठा पाऊस यावा, होडी काढता येऊ नये आणि भरून ठेवलेल्या पुरुमेंतावर दिवस निघावेत. नाहीतरी हा जगून दाखवायचा गेम आहे. पावसाळ्यात जगून दाखवणं आपल्या घरांना कोणी शिकवायला नको.

एका मागणीवर मात्र वाद झाला. मुलांना ट्रॉलर हवा होता. जुनी मंडळी चिडली. ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊ नयेत म्हणून रापणकार रस्त्यावर उतरले होते, 1980 चा कायदा त्यातून आला, हे त्यांनी ऐकवलं. त्यावर एक मुलगा म्हणाला, "काका, ट्रॉलर आणू द्या, पण ज्याने आणला त्याच्या किनाऱ्यावरची मासळी संपू द्या." यावर कोणी काही बोललं नाही. ही सूचना आम्ही पहिल्या सूचनेला जोडली आहे.

सूचना पाठवताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एका वेळी एकच कल्पना मांडा, चार एकत्र कोंबू नका. आणि शार्क मागू नका. खऱ्या जगात धोक्यात असलेल्या प्राण्याला मारायची सवय लागेल असं काही ते गेममध्ये घेत नाहीत.

कंपनी यातलं काही घेईल की नाही, ते तिच्या हातात. पण या निमित्ताने मुलांनी मानस कशी चालते, वाटे कसे करतात, खाऱ्याला मीठ किती लागतं हे आजी-आजोबांना विचारलं. सांगणारे अजून आपल्यात आहेत तोवर विचारून घ्या.

तुमच्या वाड्यावरची मुलं काय सुचवतात ते खाली लिहा. चांगल्या सूचना आम्ही एकेक करून इंग्रजीत उतरवून पाठवू.

— सचिव, सोसायटीच्या वतीने