साठवणुकीतील धान्यकिडींच्या नियंत्रणात पुदिना व इतर वनस्पतिजन्य तेलांचे स्थान

सारांश : साठवलेल्या धान्यातील किडींसाठी वापरल्या जाणाऱ्या रासायनिक धुरीला अनेक मर्यादा आहेत. त्यामुळे पुदिना, निलगिरी, लवंग, कडुनिंब इत्यादींच्या तेलांकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले आहे. या तेलांचे प्रकार, त्यांच्या कार्याची पद्धत आणि मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजशब्द : धान्यसाठवण, सोंडे, बाष्पनशील तेल, पुदिना, धुरी.

१. प्रस्तावना

धान्य पिकविणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते टिकविणेही महत्त्वाचे आहे. पुण्यासारख्या शहरात आजही अनेक कुटुंबे उन्हाळ्यात वर्षाचे गहू, तांदूळ व डाळी भरून ठेवतात. धान्याला ऊन दाखविणे, गव्हाला व तूरडाळीला एरंडेल चोळणे, डब्यात कडुनिंबाचा पाला किंवा बिब्बे घालणे या रीती घरोघरी परिचित आहेत. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता वाढली की धान्य ओलावा शोषून घेते आणि किडींना अनुकूल स्थिती निर्माण होते. घरातील डबा असो वा मार्केट यार्डातील भुसार मालाचे गोदाम, प्रश्न मूलतः एकच आहे.

२. प्रमुख किडी

तांदूळ व गव्हातील सोंडे (सायटोफायलस ओरायझी), दाणे पोखरणारा भुंगेरा (ऱ्हायझोपर्था डोमिनिका), पिठातील तांबडा भुंगेरा (ट्रायबोलियम कॅस्टेनियम) आणि कडधान्यावरील भुंगेरा (कॅलोसोब्रुकस) या किडी विशेष उपद्रवी आहेत. सोंड्याची मादी दाण्यास छिद्र पाडून त्यात अंडे घालते व ते छिद्र चिकट स्रावाने बंद करते. अळी व कोष या अवस्था दाण्याच्या आतच पूर्ण होतात. याउलट कडधान्यावरील भुंगेरा अंडी दाण्याच्या पृष्ठभागावर चिकटवितो. कोणते तेल कोठे उपयोगी पडेल, हे बऱ्याच अंशी या भेदावर अवलंबून असते.

३. रासायनिक उपायांची स्थिती

मिथिल ब्रोमाइड या धुरीद्रव्यामुळे ओझोन थराची हानी होते. म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार विकसित देशांत २००५ पर्यंत व विकसनशील देशांत २०१५ पर्यंत विलगीकरणादी अपवाद वगळता त्याचा वापर थांबविण्याचे ठरले. भारतात एकेकाळी घरगुती धान्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इथिलीन डायब्रोमाइडवर २००१ मध्ये बंदी आली. आता मुख्य भिस्त ॲल्युमिनियम फॉस्फाइडवर आहे. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन त्यातून फॉस्फीन वायू बाहेर पडतो. हा वायू मनुष्यासही प्राणघातक असून त्यावर निश्चित उतारा नाही. म्हणूनच त्याचा वापर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करण्याचे कायदेशीर बंधन आहे. राहत्या घरात या गोळ्या वापरणे म्हणजे धान्य वाचविण्यासाठी जीव धोक्यात घालणे होय. शिवाय अनेक किडींमध्ये फॉस्फीनविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाल्याचे आढळले आहे.

४. तेलांचे दोन प्रकार

‘वनस्पती तेल’ या एकाच नावाखाली दोन भिन्न पदार्थ एकत्र केले जातात. पहिला प्रकार स्थिर तेलांचा : एरंडेल, शेंगदाणा, करंज, कडुनिंब इत्यादी. ही तेले उडून जात नाहीत. दाण्यावर त्यांचा पातळ थर बसतो, अंड्याचा श्वसनमार्ग बंद होतो आणि मादीला अंडी घालणे अवघड जाते. त्यामुळे पृष्ठभागावर अंडी घालणाऱ्या कडधान्यावरील भुंगेऱ्याविरुद्ध ती विशेष प्रभावी ठरतात. कडुनिंबात याखेरीज ॲझाडिरॅक्टिनसारखी भक्षणरोधक व वाढरोधक द्रव्येही असतात. जोतवानी व सरकार यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १०० भाग गव्हात निंबोळीच्या गराची भुकटी १ ते २ भाग मिसळल्यास बियाणे कित्येक महिने सुरक्षित राहते.

दुसरा प्रकार बाष्पनशील म्हणजेच सुगंधी तेलांचा. जपानी पुदिन्याच्या (मेंथा आर्व्हेन्सिस) तेलात साधारणतः ७० ते ८० टक्के मेंथॉल असते. निलगिरीत सिनिओल, लवंगेत युजेनॉल, गवती चहात सिट्रल हे प्रमुख घटक असतात. यांची वाफ किडीच्या श्वासरंध्रांतून शरीरात शिरते आणि मज्जासंस्थेच्या कार्यात बिघाड करते. काही घटक ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला रोधतात, तर काही ऑक्टोपामाइन या संदेशवाहकाच्या कार्यात अडथळा आणतात. इस्रायलमधील शाया व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये चार प्रमुख धान्यकिडींवर अशा तेलांची चाचणी घेतली. पिठातील तांबड्या भुंगेऱ्यावर सिनिओल, बडीशेपवर्गीय ॲनिस आणि पुदिना यांची तेले परिणामकारक असल्याचे त्यांना आढळले.

५. मर्यादा

प्रयोगशाळेतील बहुतेक चाचण्या रिकाम्या बरणीत होतात. बरणीत धान्य भरले की दाणे वाफ शोषून घेतात आणि तेलाची मात्रा अनेक पटींनी वाढवावी लागते. दाण्यातील अळीपर्यंत वाफ पुरेशी पोहोचत नाही. झाकण सैल असल्यास ती उडून जाते. परिणामी प्रौढ कीड मेली, तरी काही आठवड्यांत नवी पिढी बाहेर पडते. धान्याला येणारा वास हीदेखील व्यवहारातील मोठी अडचण आहे. काही घटक बीजांकुरण रोखतात. कार्व्होनचा उपयोग नेदरलँड्समध्ये साठवलेल्या बटाट्यांचे कोंब रोखण्यासाठी केला गेला, यावरून हे स्पष्ट होते. म्हणून बियाण्यासाठी अशी तेले जपून वापरावीत.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा समजही तपासून पाहिला पाहिजे. वेखंडाच्या तेलातील बीटा-ॲसरोन किडींचे प्रजनन थांबविते. परंतु प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरले आहे. खाण्याच्या धान्यात असे तेल मिसळणे योग्य नाही.

६. महाविद्यालयीन स्तरावरील अभ्यास

हा विषय पदवीच्या प्रकल्पासाठी अल्पखर्चिक व उपयुक्त आहे. दोन समान बरण्या घ्याव्यात. एक रिकामी व एक गव्हाने भरलेली. दोन्हींत ठरावीक संख्येने सोंडे सोडून तेल लावलेला गाळणकागद झाकणाला आतून चिकटवावा. तेल नसलेल्या बरण्यांचा नियंत्रित संच सोबत ठेवावा. २४, ४८ व ७२ तासांनी मृत किडी मोजून ॲबटच्या सूत्राने दुरुस्ती करावी. मात्र प्रयोग येथे थांबवू नये. प्रौढ किडी काढून टाकून सुमारे ४५ दिवसांनी गव्हातून बाहेर पडणारी नवी पिढी मोजावी. तेलाची खरी परीक्षा या दुसऱ्या मोजणीत होते.

७. निष्कर्ष

पुदिना व तत्सम सुगंधी तेले लहान, घट्ट झाकणाच्या भांड्यांत पूरक उपाय म्हणून उपयुक्त ठरू शकतात. मोठ्या गोदामात ती फॉस्फीनची जागा घेऊ शकत नाहीत. डाळी व कडधान्यांसाठी खाद्य स्थिर तेलाचा पातळ हात अधिक भरवशाचा आहे. तथापि कोणत्याही तेलाआधी धान्य नीट वाळविणे, त्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आणणे, जुने धान्य नव्यात न मिसळणे आणि भांडे हवाबंद ठेवणे या गोष्टी आवश्यक आहेत. पारंपरिक ज्ञानाचा केवळ गौरव न करता त्याची प्रयोगाने पारख करणे आणि तिचे फलित घराघरांपर्यंत पोहोचविणे, हे महाविद्यालयीन अध्यापकांचे कर्तव्य ठरते.