मातीच्या लक्ष्यांवरील नेमबाजी आणि रंगीत काचा

ट्रॅप आणि स्कीट या नेमबाजी प्रकारांत यंत्राने हवेत फेकलेली सुमारे 110 मिलिमीटर व्यासाची तबकडी छर्‍याच्या बंदुकीने फोडायची असते. तिला 'मातीचे लक्ष्य' म्हणत असले, तरी ती प्रत्यक्षात डांबरासारखा चिकट पदार्थ व चुनखडीची भुकटी यांपासून बनते. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये ज्या डबल ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळवले, तोही याच कुळातला.

अशा नेमबाजीत घालायच्या चष्म्याच्या काचेचा रंग निवडताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात : काच किती टक्के प्रकाश आत सोडते, म्हणजेच तिची पारगम्यता, आणि तबकडी व पार्श्वभूमी यांच्यातील फरक ती किती ठळक करते. करडी काच रंग न बदलता केवळ तीव्रता घटवते, त्यामुळे वर्धा जिल्ह्यातल्या वैशाखातील रखरखीत उन्हाला ती मानवते. पिवळी काच हवेत विखुरलेला निळा प्रकाश अडवते, म्हणून आषाढ-श्रावणातील ढगाळ आभाळाखाली ती उपयोगी पडते. तर जांभळट काच हिरवा प्रकाश दाबते, परिणामी पावसाळ्यानंतरच्या गर्द झाडीसमोर नारिंगी तबकडी उठून दिसते.

डोळे बारीक करावे न लागता चालेल अशी सर्वांत फिकट काच निवडावी, कारण गडद काचेमागे बाहुली विस्फारते आणि प्रतिमेचा रेखीवपणा कमी होतो. मात्र रंग कोणताही असो, काच आघात सोसणार्‍या पॉलिकार्बोनेटचीच असावी. उडालेल्या तुकड्यांपासून डोळ्यांचे रक्षण हेच या चष्म्याचे पहिले प्रयोजन आहे.