जामसंडे येथील आंबाबागा आणि कुशल श्रमिकांचे शिक्षण

कोकणात काम नाही म्हणून तरुण मुंबईस जातो, असे सामान्यतः म्हटले जाते. देवगड तालुक्यातील जामसंडे येथे हे विधान अपुरे पडते. कातळ फोडून उभ्या केलेल्या येथील हापूसच्या बागांत हंगामी कामास पुष्कळदा नेपाळहून माणसे येतात. काम आहे, परंतु शाळेने त्यास विद्येचा मान दिलेला नाही.

वास्तविक ही विद्या सूक्ष्म आहे. फळ देठासकट उतरविले नाही, तर चीक सालीवर ओघळून काळे डाग पडतात. कलम बांधणे त्याहून नाजूक. भेटकलमासाठी रोप मातृवृक्षाच्या फांदीपाशी नेऊन सांधा जुळेपर्यंत बांधून ठेवावे लागे. कोयकलमात कोयीतून नुकत्याच फुटलेल्या तांबूस कोंबात तासलेली काडी पाचरीसारखी बसवितात. (कलम हा शब्द मूळचा अरबी, अर्थ लेखणी. बोरू तासणे व काडी तासणे यांतील साम्य बोलणाऱ्यांनी अचूक हेरले.)

दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. तेथील संशोधन बागेपर्यंत कोणत्या भाषेत पोहोचते, हा प्रश्न गौण नाही. बागायतदाराच्या घरी पोरासोरांसही ठाऊक असलेला ‘साका’ वर्गात अपरिचित परिभाषेआड गेला, की जाणता मुलगाच अजाण ठरतो. आधी बागेतील शब्द, मग त्यामागील कारण, हा क्रम हवा. आणि परीक्षा झाडाखाली व्हावी. साका फळ कापल्यावाचून दिसत नाही. तापलेल्या जमिनीची झळ फळास लागू नये म्हणून झाडाखाली पालापाचोळा का पसरावा, एवढे ज्यास सकारण सांगता येईल, त्यास प्रमाणपत्र द्यावयास हरकत नसावी.