कोलाज आणि असेंब्लाज : जुन्या वस्तूंची जुळणी

- कोलाज : कागद, कापड, फोटो सपाट पृष्ठभागावर चिकटवलेले. असेंब्लाज : बटणं, किल्ल्या, घड्याळाची चाकं अशा वस्तूंची त्रिमितीय जुळणी.
- १९१२ : पिकासोने चित्रात वेताच्या विणीचा छाप असलेलं ऑइलक्लॉथ चिकटवलं. चौकट म्हणून चक्क दोरखंड! त्याच वर्षी चित्रकार ब्राकचं कागदी कोलाज.
- १९१९ पासून : हॅनोव्हरच्या कुर्ट श्विटर्सची 'मेर्त्स' (त्यानेच दिलेलं नाव) कोलाज-चित्रं. साहित्य : वापरलेली तिकिटं, वेष्टनं.
- जोसेफ कॉर्नेल (१९०३–१९७२) : न्यूयॉर्कच्या जुन्या दुकानांतून जमवलेल्या वस्तूंच्या काचबंद पेट्या.
- १९७६ : नेकचंद यांचं चंदीगडचं रॉक गार्डन लोकांसाठी खुलं. त्यात फुटक्या बांगड्या, फरशा, कपबश्या.
- साहित्य निवडताना : वर्तमानपत्राचा कागद त्यातल्या लिग्निन या घटकामुळे पिवळा पडतो. घरच्या जुन्या फोटोंची प्रत वापरतात; मूळ फोटो अल्बममध्येच.