पंचाची मर्जी की फाशांचा कौल?

अमेरिकेत टेबलाभोवती बसून भूमिका वठवण्याचे खेळ खेळणाऱ्यांच्या बोलीत एक शेलका शब्द आहे : ‘रूल्स लॉयर’. म्हणजे नियमांचा वकील. ऊठसूट नियमपुस्तिका उघडून पंचाशी हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला हे बिरुद बहाल केले जाते. आम्ही पेशाने वकील, त्यामुळे आमचे कुतूहल जागे झाले. नियमाचा आधार मागणारा माणूस थट्टेचा विषय का व्हावा? आणि खेळातल्या फाशांवरून शहाणीसुरती माणसे वर्षानुवर्षे का भांडावीत?

आधी खेळ समजून घेऊ. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. यात प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एक जण पंच होतो आणि प्रसंग सांगतो. ‘समोर खोल दरी आहे, काय करता?’ खेळाडू म्हणतो, ‘उडी मारतो.’ आता उडी साधली की नाही, हे कोणी ठरवायचे? पंचाने, की फाशाने? साऱ्या भांडणाचे मूळ या एका प्रश्नात आहे.

हे भांडण या खेळापेक्षाही जुने आहे. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावरचा युद्धखेळ होता. राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ साली त्याचे नियम छापले. किती सैनिक पडले, हे फासे आणि तक्ते पाहून ठरवायचे. पुढे १८७६ साली व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने उलट मत मांडले : तक्ते आणि फासे बाजूला ठेवा, अनुभवी पंचाच्या निर्णयावर सोडा, खेळ वेगाने चालेल. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच दोन पक्ष उभे राहिले होते. एक लिखित नियमाचा, दुसरा जाणकाराच्या विवेकाचा.

फासे हवेत म्हणणाऱ्यांतही एकमत नाही. वीस बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक आकडा पडण्याची शक्यता सारखीच, म्हणजे ५ टक्के. त्यामुळे निष्णात योद्धाही वरचेवर तोंडघशी पडतो आणि नवखा बाजी मारून जातो. १९८६ च्या ‘गर्प्स’ या खेळात तीन साधे फासे एकदम टाकतात. एकूण २१६ जुळण्यांपैकी ५४ जुळण्यांत बेरीज १० किंवा ११ येते. ३ किंवा १८ येण्याची जुळणी प्रत्येकी एकच. इथे कौशल्याला भाव आहे, चमत्काराला कमी. २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये दोन फासे असतात. बेरीज ६ पर्यंत आली तर बाजू उलटते, ७ ते ९ आली तर काम होते पण किंमत मोजून, आणि १० किंवा त्याहून जास्त आली तर निर्भेळ यश. मधली ही पायरी ३६ पैकी १५ वेळा येते. तेव्हा कोणता फासा वापरायचा, हा केवळ गणिताचा प्रश्न नाही. यश कष्टाने मिळते, नशिबाने मिळते की तडजोडीने, याबद्दलचे मत त्यात दडलेले असते.

फासेच नकोत म्हणणारेही आहेत. एरिक वुजसिक यांच्या १९९१ च्या ‘अँबर’ या खेळात फासा नाहीच. खेळाडू गुणांचा लिलाव करतात. ज्याची बोली मोठी तो त्या गुणात श्रेष्ठ. पुढचे सारे पंचाच्या हाती. पंच समंजस असेल तर खेळ बहरतो. पंचाचा कुणी लाडका असेल तर? मग दाद कुठे मागायची?

फासा चेहरा पाहत नाही, ही त्याची थोरवी. पण पडद्याआड टाकलेल्या फाशाचे काय? अनेक पंच समोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्यामागे फासे टाकतात आणि कथा बिघडू नये म्हणून कधीकधी आकडा बदलून सांगतात. काहींच्या मते ती दया आहे, काहींच्या मते ती फसवणूक. आमचे मत सांगायला हरकत नाही. निवाडा नुसता होऊन भागत नाही, तो सर्वांदेखत झालेला दिसावाही लागतो. फासा उघड्यावर पडावा.

पण एवढ्यावर थांबलो तर अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. फासा निष्पक्ष असला तरी त्याच्याभोवतीचा नियम निष्पक्ष असतोच असे नाही. १९७४ च्या मूळ नियमात बुटक्या वंशाचा योद्धा कितीही पराक्रमी असला तरी सहाव्या पातळीपुढे जाऊ शकत नसे. माणसाला अशी मर्यादा नव्हती. १९७८ च्या पुस्तिकेत स्त्री पात्राच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुषाहून खाली होती. फासे कितीही चांगले पडोत, जन्माने वर छत घातलेले! असा नियम काय असतो, हे आमच्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

हे बदलले कसे? पंचांच्या दयेने नव्हे. खेळणाऱ्यांनी वाद घातला, म्हणून. पातळीची ती मर्यादा २००० च्या आवृत्तीत गेली. २०२४ च्या पुस्तिकेत ‘वंश’ हा शब्दही गेला, आणि ताकद-बुद्धीची वाढ जन्माऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी, म्हणजे त्याने केलेल्या कामाशी जोडली गेली.

म्हणून आम्ही त्या थट्टेच्या धनी झालेल्या ‘नियमांच्या वकिला’च्या बाजूने उभे आहोत. तो कधी कंटाळवाणा असेल, खेळ अडवीतही असेल. पण मर्जीने चालणाऱ्या टेबलावर दुबळ्या खेळाडूला बोलायला जागा नसते. लिहिलेला नियम असला तर त्यावर बोट ठेवून विचारता येते. आणि नियमच वाकडा असेल तर तो लिहिलेला असतो म्हणूनच खोडता येतो. फासा कोणता, हा वाद त्यांनी खुशाल चालू ठेवावा. तक्ता कोणी लिहिला, हे विचारायला मात्र विसरू नये.