आधी पाऊल, मग उमेद

‘कशासाठी जगायचं?’ असं वाटणं हा दुबळेपणा नव्हे. नैराश्यात मन थकतं, आवडीची कामं सुटतात, माणसं टाळली जातात; त्यामुळे जगणं आणखी रितं वाटतं. हे चक्र मोडायला उमेदीची वाट पाहू नये. आधी लहानशी कृती करावी. उमेद मागून येते.

गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने याच तत्त्वावर उपचार बेतला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी तो थोड्याच भेटींत दिला. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना त्याचा फायदा झाल्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले.

लोणी भापकरसारख्या गावात अशी लहानशी कृती कशी दिसेल? सकाळी उठून गाईला वैरण टाकायची. ती हंबरून मान वळवते, म्हणजे कुणीतरी आपली वाट पाहतंय. संध्याकाळी सोबत्याला घेऊन मल्लिकार्जुनाच्या देवळापर्यंत चालायचं, तिथला कोरीव दगड निरखायचा. मोठा अर्थ आजच सापडायला हवा असं नाही. उद्या सकाळचं एक काम पुरे.

जवळचं कुणी गप्प झालं असेल, तर ‘जीव नकोसा वाटतो का?’ असं थेट, मायेने विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; मनावरचं ओझं हलकं होतं. उत्तर ‘हो’ असेल, तर त्या माणसाला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.